घरच्या रीफ टँकसाठी स्वयंचलित कंट्रोलर कसा बसवावा

प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तापमान, पाण्याची पातळी, क्षारता (हजार भाग पाण्यात किती भाग मीठ), पीएच आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता) या पाच गोष्टी सतत खालीवर होत असतात. प्रवाळांना यांतील एखादा आकडा थोडा कमी-जास्त असला तरी चालतो. तो वारंवार आणि झपाट्याने बदललेला मात्र चालत नाही. कंट्रोलर, म्हणजे सेन्सरचे आकडे पाहून उपकरणे चालू-बंद करणारे यंत्र, बसवायचा तो हे चढउतार आवरण्यासाठी. पण हीटर, पाणी भरणारा पंप आणि डोसिंग पंप (रसायनांची मोजकी मात्रा देणारा) एकदा यंत्राच्या हाती सोपवले की त्यांतील एखादा रिले (संकेतावर वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटणे किंवा सेन्सर अडकणे म्हणजे काही तासांत टाकी गमावणे, असेही होऊ शकते. म्हणून पुढील प्रत्येक टप्प्यावर जोडणी कशी करावी हे सांगण्याआधी तो भाग बिघडल्यास काय घडेल याचा विचार केला आहे, आणि वाचकांनीही खरेदीपासूनच हा क्रम ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

दुसरा आग्रह टप्प्यांचा आहे. सगळी उपकरणे एकाच दिवशी कंट्रोलरला जोडू नयेत. आधी फक्त मोजमाप, मग सूचना, मग तापमानाचे नियंत्रण, त्यानंतर बाष्पीभवनाची भरपाई, आणि डोसिंग सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्पा निदान एक-दोन आठवडे निर्वेध चालल्याशिवाय पुढचा हाती घेऊ नये. दोन नव्या गोष्टी एकाच वेळी जोडल्या आणि काही बिनसले, तर दोष कोणाचा हे शोधण्यातच वेळ जातो.

कंट्रोलरची निवड

तयार कंट्रोलर आणि स्वतः जोडलेला कंट्रोलर असे दोन मार्ग आहेत. नेपच्यून एपेक्स किंवा जीएचएल प्रोफिलक्स यांसारख्या तयार संचात सॉकेटची पट्टी, प्रोबचे (पाण्यात बुडवायच्या सेन्सरचे) जोड आणि सॉफ्टवेअर एकत्र मिळते. विजेच्या मुख्य दाबाशी आपला थेट संबंध येत नाही, हा त्यांचा मोठा फायदा. दुसऱ्या मार्गात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि त्यावर चालणारे रीफ-पाय हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरतात. त्यात हवे ते सेन्सर हवे तसे जोडता येतात, पण रिले, वीजपुरवठा आणि पेटी यांची जबाबदारी आपल्यावर येते. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सची सवय नाही त्यांनी केवळ खर्च वाचवण्यासाठी हा मार्ग घेऊ नये. रिलेवरील मुख्य विजेची जोडणी तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.

कोणताही मार्ग घेतला तरी निवडीची एक कसोटी सारखीच आहे. इंटरनेट बंद असताना कंट्रोलरचे नियम चालू राहिले पाहिजेत. जे स्मार्ट प्लग दूरच्या सर्व्हरकडून आज्ञा आल्याशिवाय चालू-बंद होत नाहीत, त्यांच्यावर हीटर किंवा पाणी भरणारा पंप कधीही सोपवू नये. इंटरनेट हे लांबून पाहण्यासाठी आणि सूचना मिळवण्यासाठी असावे, निर्णय टाकीजवळच्या यंत्रातच व्हावेत.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांनी आणखी दोन बाबी आधीच लक्षात घ्याव्यात. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचा संकेत थेट दिल्यास पिन जळू शकते. शिवाय त्याला ॲनालॉग संकेत वाचता येत नाहीत, त्यामुळे पीएच प्रोबसाठी स्वतंत्र सर्किट लागते. घड्याळाचा प्रश्नही आहेच. जुन्या आवृत्त्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, आणि पाचव्या आवृत्तीत त्याची सोय असली तरी बॅटरी वेगळी जोडावी लागते. वीज गेली, परत आली आणि राउटर मात्र सुरू झाला नाही, तर संगणकाला खरी वेळ कळत नाही आणि दिवे भलत्याच वेळी लागतात. डीएस३२३१ हे लहानसे घड्याळाचे मॉड्यूल बसवले की हा प्रश्न मिटतो.

जागा आणि वीज

कंट्रोलर आणि सॉकेटची पट्टी सम्पच्या (मुख्य टाकीखाली उपकरणांसाठी ठेवलेल्या दुसऱ्या टाकीच्या) वर कधीही टांगू नये. खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार आणि बाष्प यांमुळे सॉकेटच्या आत मिठाचा थर जमतो आणि त्यातून वीज वाहू लागते. कपाटाच्या बाजूला वेगळा, हवेशीर कप्पा मिळाल्यास उत्तम. नसेल तर पट्टी बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच आणि उभी बसवावी. टाकीतून येणारी प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत झोळ देऊन मगच वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकेल आणि सॉकेटपर्यंत पोहोचणार नाही. प्रत्येक वायरीसाठी प्लगजवळ आणि पट्टीवरील सॉकेटजवळ अशा दोन चिठ्ठ्या लावाव्यात. हे काम कंटाळवाणे वाटते, पण फरशीवर पाणी पसरलेले असताना नेमका कोणता प्लग काढायचा हे त्या चिठ्ठीवरूनच कळते.

टाकीच्या विजेच्या मार्गावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (वीज झिरपताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. पाण्यात हात घालणाऱ्या माणसाच्या जिवाचा हा प्रश्न असल्याने यात तडजोड नको. मात्र आरसीसीबी तुटला की त्यावरचे सगळेच बंद पडते, त्यामुळे शक्य असल्यास उपकरणे दोन वेगळ्या मार्गांवर विभागावीत. एखादा प्रवाह-पंप बॅटरीवर चालेल अशी व्यवस्था करावी. वीज गेल्यावर टाकीला पहिला धोका ऑक्सिजन कमी होण्याचा असतो. पाणी थंड व्हायला बराच वेळ लागतो, पण दाटीच्या टाकीत मासे त्याआधीच गुदमरू लागतात. पृष्ठभाग हलता ठेवणारा एक छोटा पंपही हा धोका पुष्कळ कमी करतो. कंट्रोलर आणि राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवावेत. राउटर बंद असेल तर वीज गेल्याची सूचना बाहेर जाणारच नाही.

तापमान

पहिला सेन्सर तापमानाचा बसवावा. घरगुती जोडणीत डीएस१८बी२० हा सेन्सर सर्रास वापरतात. त्याच्या तीन वायरी म्हणजे ३.३ व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा. डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर जोडावा लागतो. रास्पबेरी पायवर डेटाची वायर सामान्यतः जीपीआयओ ४ या पिनेला जाते. वायरींचे रंग प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असू शकतात, म्हणून सोबतचा कागद पाहिल्याशिवाय जोडू नये. या सेन्सरची पोलादी नळी स्टेनलेस म्हणून विकली जात असली तरी खाऱ्या पाण्यात कालांतराने ती गंजू शकते. नळी मत्स्यालयासाठी सुरक्षित असलेल्या इपॉक्सीने पूर्ण झाकावी किंवा बंद टोकाच्या बारीक काचनळीत घालून मगच पाण्यात सोडावी.

सेन्सरची जागा सम्पमधील वाहत्या पाण्यात, पण हीटरपासून दूर असावी. हीटरला चिकटून ठेवलेला सेन्सर त्याच्या भोवतीचे गरम पाणी मोजतो आणि टाकी थंड असतानाच हीटर बंद करतो. डीएस१८बी२० ची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश आहे, म्हणून खात्रीच्या थर्मामीटरशी ताडून जो फरक येईल तो सॉफ्टवेअरमध्ये नोंदवावा. शक्य असल्यास असे दोन सेन्सर बसवावेत. दोघांच्या वाचनात एका अंशापेक्षा जास्त फरक पडला, तर कोणता खरा हे कंट्रोलरने ठरवू नये. त्याने हीटर बंद करून आपल्याला सूचना द्यावी.

आता नियम. हीटर २५.२ अंश सेल्सिअसच्या खाली चालू आणि २५.६ च्या वर बंद, असे दोन वेगळे बिंदू द्यावेत. एकच बिंदू दिला तर त्याच्या आसपास रिले क्षणाक्षणाला चालू-बंद होऊन त्याचे संपर्क झिजतात. गार करण्यासाठी पंखा असेल तर तो २६.६ ला सुरू आणि २६.२ ला बंद व्हावा, म्हणजे हीटर आणि पंखा एकमेकांविरुद्ध कधीच चालणार नाहीत. पंख्यामुळे बाष्पीभवन वाढते, हे पुढे टॉप-ऑफचा (उडून गेलेल्या पाण्याच्या भरपाईचा) हिशेब करताना विसरू नये. तापमान २८.५ अंशांवर गेल्यास दिवे बंद करण्याचा नियमही ठेवावा, कारण उष्णता आणि प्रखर प्रकाश यांचा एकत्रित ताण प्रवाळांना पांढरे पाडतो.

या टप्प्यावरचा खरा धोका म्हणजे रिले चालू स्थितीतच चिकटणे. अंदाज घेण्यासाठी एक हिशेब पाहू. टाकी आणि सम्प मिळून २०० लिटर पाणी आहे आणि हीटर ३०० वॅटचा आहे. २०० लिटर पाणी एक अंश तापवायला साधारण ८३६ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि ३०० वॅटचा हीटर तासाला १,०८० किलोज्यूल देतो. बाहेर जाणारी उष्णता सोडून दिली तर तासाला सुमारे १.३ अंश वाढ होते, म्हणजे सकाळी घराबाहेर पडलेला माणूस दुपारी परतेपर्यंत टाकी ३० अंशांच्या पुढे गेलेली असेल. हेच काम १०० वॅटच्या दोन हीटरांत विभागून दोन वेगळ्या रिलेंवर दिले, तर एक चिकटला तरी वाढ तासाला अर्ध्या अंशाहून कमी राहते, आणि पाणी खोलीपेक्षा जसजसे तापते तसतशी बाहेर जाणारी उष्णताही वाढत असल्याने ती आणखी मंदावते. एकच हीटर बंद पडला तरी दुसरा टाकी पूर्ण थंड होऊ देत नाही. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान घ्यावेत, हा सल्ला मी कोणत्याही कंट्रोलरच्या आधी देईन.

हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट काढून टाकू नये किंवा शेवटच्या टोकालाही फिरवू नये. तो २६.५ अंशांवर लावावा. रोजचे काम कंट्रोलर करील; रिले चिकटला तर हा थर्मोस्टॅट वीज तोडेल. दोन्ही एकाच वेळी बिघडण्याची शक्यता एकट्याच्या बिघाडापेक्षा फारच कमी असते.

सेन्सरच्या बिघाडाचीही एक ओळखीची खूण आहे. डीएस१८बी२० ला वीज नुकतीच मिळालेली असते आणि त्याने मोजणी केलेली नसते तेव्हा तो ८५ अंश दाखवतो. वायर सैल असेल तर अधूनमधून असे वाचन येत राहते. १५ ते ४० अंशांच्या बाहेरचे प्रत्येक वाचन बिघाड समजावे, त्यावरून हीटर बंद ठेवावा आणि सूचना पाठवावी, असा नियम लिहावा.

बाष्पीभवनाची भरपाई

पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. २०० लिटरच्या टाकीतून ४ लिटर पाणी गेले की ३५ असलेली क्षारता ३५.७ होते. रोज हाताने पाणी ओतले तर क्षारता रोज अशीच वरखाली होते. टॉप-ऑफ यंत्रणा हेच पाणी दिवसभरात थोडेथोडे भरते. भरायचे पाणी आरओ-डीआय (विरघळलेले क्षार काढून टाकणाऱ्या) यंत्रातून आलेले, टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण) शून्य दाखवणारे असावे.

सेन्सर सम्पच्या शेवटच्या, रिटर्न पंपाच्या (पाणी परत मुख्य टाकीत नेणाऱ्या पंपाच्या) कप्प्यात बसवावा, कारण बाष्पीभवनाने उतरणारी पातळी फक्त तिथेच दिसते. तरंगता स्विच आणि प्रकाशीय सेन्सर असे दोन प्रकार मिळतात. तरंगता स्विच गोगलगाय चढल्याने किंवा मीठ साचल्याने अडकतो. प्रकाशीय सेन्सरला बुडबुडे आणि शेवाळाचा थर फसवतात. दोन्ही प्रकार एकेक वापरावेत असे माझे मत आहे, कारण त्यांना बिघडवणारी कारणे वेगळी असतात. खालचा सेन्सर रोजच्या पातळीसाठी, आणि त्याच्या तीन-चार सेंटिमीटर वर दुसरा, पाणी जास्त झाल्यास पंप तोडण्यासाठी. वरचा सेन्सर केवळ सॉफ्टवेअरमधून न चालवता पंपाच्या विजेच्या मार्गातच जोडता आला तर कंट्रोलर गोठला तरी तो आपले काम करतो.

तिसरे बंधन वेळेचे. पंप मिनिटाला १ लिटर देत असेल आणि दिवसाला ४ लिटर लागत असतील, तर सारे मिळून पंप दिवसाला चारच मिनिटे चालायला हवा. एका खेपेला तो साधारण १० सेकंद चालतो असे दिसले, तर ३० सेकंदांनंतर त्याला सक्तीने बंद करून सूचना देण्याचा नियम लावावा, आणि दिवसाची एकूण मर्यादा सहा मिनिटे ठेवावी.

चौथे बंधन साठवण टाकीच्या आकाराचे आहे, आणि ते कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सवर अवलंबून नाही. साठवण १० लिटरची असेल आणि सगळे पाणी एकदम २०० लिटरच्या टाकीत गेले, तर क्षारता ३५ वरून ३३.३ वर येते. प्रवाळ हे सहन करतात. साठवण ४० लिटरची असेल तर क्षारता २९ च्या आसपास येते आणि बहुतेक प्रवाळ संकटात सापडतात, शिवाय सम्प ओसंडून फरशीवर पाणी येते ते वेगळेच. आठवडाभर पुरेल अशी मोठी साठवण सोयीची वाटते, पण मी दोन-तीन दिवसांच्या साठवणीवरच थांबेन.

नळीचे टोक सम्पमधील पाण्याच्या वर, हवेत उघडे राहील असे बांधावे. ते पाण्यात बुडाले असेल आणि साठवणीची पातळी सम्पच्या वर असेल, तर पंप बंद झाल्यावरही सायफनमुळे पाणी वाहत राहते. किंबहुना साठवण उंचावर असेल तर टोक हवेत असूनही पाणी वाहते. तेव्हा साठवण सम्पच्या पातळीच्या खाली ठेवणे हाच सोपा उपाय.

रिटर्न पंप बंद होऊन पुन्हा सुरू होतो तेव्हा मुख्य टाकी भरेपर्यंत सम्पची पातळी काही क्षण खाली जाते, आणि टॉप-ऑफला पाणी कमी झाल्याचा भास होतो. म्हणून रिटर्न पंप सुरू झाल्यानंतर १० मिनिटे टॉप-ऑफ रोखून धरावा. पाणी बदलण्याच्या वेळी तर तो पूर्ण बंद ठेवण्यासाठी वेगळे बटण किंवा मोड करावा. निम्म्या रिकाम्या सम्पमध्ये गोडे पाणी भरले जाणे हा या यंत्रणेतील नेहमीचा अपघात आहे.

कंट्रोलर बंद पडल्यास कोण चालू, कोण बंद

रिलेला दोन जोड असतात: वीज नसताना उघडा राहणारा आणि वीज नसताना मिटलेला राहणारा. रिटर्न पंप आणि प्रवाह-पंप मिटलेल्या जोडावर लावावेत, म्हणजे कंट्रोलर मेला तरी पाणी फिरत राहील. टॉप-ऑफ आणि डोसिंग पंप उघड्या जोडावर, म्हणजे ते बंदच राहतील. हीटरचा निर्णय खोलीवर अवलंबून आहे. खोली थंड असेल आणि हीटरचा थर्मोस्टॅट भरवशाचा असेल तर त्याला मिटलेल्या जोडावर ठेवून थर्मोस्टॅटच्या हवाली करावे. खोली उबदार असेल तर उघडा जोड बरा, कारण पाणी सावकाश थंड होते आणि तोवर सूचना मिळून हालचाल करता येते. तयार कंट्रोलरमध्ये हीच निवड फॉलबॅक या नावाने प्रत्येक सॉकेटसाठी विचारली जाते. ती रकाना भरण्यापुरती न पाहता एकेका उपकरणाचा विचार करून भरावी.

स्वस्त रिले बोर्डांपैकी बरेच उलट्या तर्काने चालतात, म्हणजे संकेत खाली गेल्यावर चालू होतात. संगणक सुरू होत असताना पिनांची स्थिती निश्चित नसते, त्यामुळे काही सेकंद सगळे रिले खडखडतात आणि डोसिंग पंपही क्षणभर फिरतात. बोर्डला खरी उपकरणे जोडण्यापूर्वी संगणक पाच-सहा वेळा बंद-चालू करून रिलेवरचे दिवे काय करतात ते पाहावे.

दिवे, पंप आणि खाऊ घालण्याचा मोड

हा भाग सोपा आहे. दिवे दिवसाला ८ ते १० तास, सुरुवातीला आणि शेवटी तास-दीड तास हळूहळू चढउतार. नवे दिवे असतील तर पहिले काही आठवडे कमी तीव्रता ठेवून क्रमाने वाढवावी. खाऊ घालण्याच्या मोडमध्ये रिटर्न पंप आणि स्किमर (फेसातून पाण्यातला मळ काढणारे उपकरण) १० मिनिटे बंद ठेवावेत. रिटर्न पंप सुरू झाल्यानंतर स्किमर आणखी ५ ते १० मिनिटांनी सुरू करावा, नाहीतर सम्पची वाढलेली पातळी स्किमरचा मळ कपाबाहेर सांडते. मोड आपोआप संपला पाहिजे. माणसाने आठवणीने बंद करायचा मोड कधीतरी तसाच राहून जातो.

पीएच आणि क्षारतेचे प्रोब

पीएच प्रोब जोडण्यापूर्वी तो ७ आणि १० च्या द्रावणांत जुळवावा. दोन्ही द्रावणे टाकीच्या तापमानाजवळ असावीत, एका द्रावणातून दुसऱ्यात नेताना प्रोब आरओ पाण्याने धुवावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. काचेचे टोक कधी कोरडे पडू देऊ नये. प्रोब सम्पमध्ये प्रकाश न पोहोचणाऱ्या, बुडबुडे नसलेल्या जागी उभा बसवावा आणि डोसिंगच्या नळ्यांपासून दूर ठेवावा. एखादा पंप किंवा हीटर चालू करताच पीएचचा आकडा उडी मारत असेल तर पाण्यात वीज झिरपत असण्याची शक्यता आहे. तेव्हा एकेक उपकरण बंद करून दोषी शोधावा आणि तो दुरुस्त न करता बदलावा.

टाकीतील पीएच पहाटे सर्वांत कमी आणि दिवे मालवण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतो, कारण दिवसा प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड वापरला जातो आणि रात्री तो साचतो. ७.८ ते ८.४ या मर्यादेत रोजचा असा आलेख दिसणे हे निरोगी टाकीचे लक्षण आहे. हा आलेख सपाट करण्यासाठी कंट्रोलरकडून रसायने टाकून घेणे हा चुकीचा मार्ग होय. खोलीतली कोंदट हवा हेच कमी पीएचचे कारण असेल तर खिडकी उघडून बघावी. पीएचचा उपयोग पहारेकऱ्यासारखा करावा: ८.६ च्या वर गेल्यास डोसिंग थांबवणे आणि ७.७ च्या खाली गेल्यास सूचना देणे, एवढेच.

क्षारतेचा प्रोब विद्युतवाहकता मोजतो. ३५ क्षारतेच्या पाण्याची वाहकता २५ अंशांना सुमारे ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. त्यावर बुडबुडा बसला तरी आकडा घसरतो, म्हणून त्यावरून कोणताही पंप चालवू नये. आलेखाचा कल पाहावा आणि खात्री रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणाने) करावी. रिफ्रॅक्टोमीटर मात्र शुद्ध पाण्याऐवजी ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवावा, कारण आपल्याला अचूकता त्याच आकड्याजवळ हवी असते.

डोसिंग

कठीण प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात, त्यामुळे पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठरावीक प्रमाणात एकत्रच कमी होतात: १ डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक) अल्कलिनिटीमागे सुमारे ७ मिलिग्रॅम प्रति लिटर कॅल्शियम. सुरुवात खप मोजण्यापासून करावी. डोसिंग पूर्ण बंद ठेवून रोज एकाच वेळी अल्कलिनिटी तपासावी आणि तीन-चार दिवसांच्या घटीची सरासरी काढावी.

समजा खप दिवसाला ०.५ डीकेएच आहे आणि पाणी २०० लिटर आहे. एवढ्या पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला ६ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागते. ते ६० ग्रॅम घेऊन आरओ पाण्याने एकूण १ लिटर द्रावण केले, की १०० मि.ली. म्हणजे १ डीकेएच असा सोपा हिशेब होतो. आपल्याला रोज ५० मि.ली. लागतील. जोडीचे कॅल्शियम द्रावण कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेटचे, लिटरला ५२.५ ग्रॅम, असे केले तर दोन्ही द्रावणांचे आकारमान सारखेच ठेवता येते. दोन्ही रसायने शुद्ध दर्जाची असावीत. बर्फ वितळवण्यासाठी विकले जाणारे कॅल्शियम क्लोराइड त्यातील अशुद्धीमुळे टाळावे. हे द्रावण करताना पाणी गरम होते, म्हणून पाण्यात कॅल्शियम क्लोराइड थोडेथोडे घालावे.

पेरिस्टाल्टिक (नळी दाबून द्रव पुढे ढकलणारा) डोसिंग पंप जुळवण्यासाठी नळी आधी द्रावणाने पूर्ण भरून घ्यावी, मग पंप ६० सेकंद मोजपात्रात चालवावा. तीनदा मोजून सरासरी घ्यावी. नळी झिजली की प्रवाह बदलतो, त्यामुळे ही मोजणी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी. ५० मि.ली. ची मात्रा एकदम न देता २४ भागांत वाटावी, म्हणजे तासाला २ मि.ली. हून थोडी अधिक. कॅल्शियमची वेळ अल्कलिनिटीच्या वेळेपासून अर्ध्या तासाने पुढे ठेवावी आणि दोन्ही नळ्या सम्पमध्ये वेगवेगळ्या जागी, जोरदार प्रवाहावर सोडाव्यात. दोन्ही द्रावणे घट्ट स्वरूपात एकमेकांना भेटली तर तिथेच पांढरा साका बनतो आणि डोस वाया जातो. या पद्धतीत सोडियम आणि क्लोराइड मागे उरत असल्याने क्षारता सावकाश चढते. ती पाणी बदलताना उतरवावी.

येथेही भांड्याचा आकार हेच शेवटचे संरक्षण. १ लिटरचे भांडे पूर्ण रिकामे झाले तर वरील द्रावणाने १० डीकेएचची वाढ होईल, आणि ती घातक आहे. २५० मि.ली. चे भांडे पाच दिवस पुरते आणि अपघात झाला तरी वाढ २.५ डीकेएचवर थांबते. त्याखेरीज पंपाच्या एका खेपेला आणि पूर्ण दिवसाला वेळेची मर्यादा लावावीच. कॅल्क्वासर, म्हणजे चुन्याचे संपृक्त पाणी, टॉप-ऑफमधून देण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण त्याचा पीएच १२.४ च्या घरात असतो आणि टॉप-ऑफ अडकला की क्षारता व पीएच ही दोन्ही संकटे एकदम येतात. पहिल्या वर्षी ती पद्धत टाळलेली बरी.

सूचना आणि चाचण्या

सूचना मोजक्या ठेवाव्यात: तापमान २४.५ च्या खाली किंवा २७.५ च्या वर, वरचा पातळी-सेन्सर ओला, टॉप-ऑफ वेळेबाहेर, रिटर्न पंपाचा प्रवाह बंद, आणि कपाटाच्या तळाशी ठेवलेला गळती-सेन्सर ओला. दिवसातून दहा वेळा वाजणारा फोन माणूस पाहीनासा होतो. बंद पडलेला कंट्रोलर स्वतः बंद पडल्याची सूचना देऊ शकत नाही, म्हणून दर काही मिनिटांनी त्याने बाहेरच्या एखाद्या सेवेला हजेरी द्यावी आणि हजेरी चुकल्यास त्या सेवेने आपल्याला कळवावे, अशी व्यवस्था करावी.

मग प्रत्येक बिघाड मुद्दाम घडवून पाहावा. तापमानाचा सेन्सर कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवावा आणि हीटर बंद झाला का, पंखा लागला का, फोनवर सूचना आली का ते पाहावे. सेन्सरची वायर उपसून टाकावी. खालचा पातळी-सेन्सर हाताने कोरडा धरून ठेवावा आणि पंप ३० सेकंदांनी खरोखर थांबतो का ते घड्याळ लावून मोजावे. कंट्रोलरची वीज काढून कोणती उपकरणे चालू राहिली याची नोंद घ्यावी, मग संपूर्ण टाकीची वीज बंद करून पुन्हा सुरू करावी आणि सम्प ओसंडत नाही ना, स्किमर उशिराने लागतो ना, घड्याळ बरोबर आहे ना हे तपासावे. या चाचण्या दर तीन महिन्यांनी आणि प्रत्येक मोठ्या प्रवासाच्या निदान दोन दिवस आधी कराव्यात, म्हणजे काही बदलावे लागले तर ते आपल्या डोळ्यांसमोर दोन दिवस चालून दाखवील. प्रवासात टाकी पाहणाऱ्या माणसासाठी कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवावा: टॉप-ऑफचा प्लग कोणता, डोसिंगचा कोणता, आणि शंका आल्यास हे दोनच काढावेत, रिटर्न पंपाला हात लावू नये.